पेलेल तीच गाडी घ्यावी

दसरा-दिवाळी जवळ आली की मावळातल्या घराघरांत मोटारसायकलीचा विषय निघतो. कुणाला तळेगावच्या कारखान्यात बोनस मिळालेला असतो, कुणाची भिशी लागलेली असते, कुणी भाताच्या पैशांतून थोडे बाजूला काढलेले असतात. नवी घ्यायची तर साधी शंभर सीसीची गाडीसुद्धा कर आणि विमा धरून पाऊण लाखाच्या घरात जाते. तेवढी ऐपत नसते. मात्र याच दिवसांत ज्यांना नवी परवडते ते आपली जुनी विकायला काढतात, आणि मग तीस-चाळीस हजार रुपये खिशात घालून आपले बांधव एका गॅरेजमधून दुसऱ्या गॅरेजमध्ये हिंडू लागतात. अशा वेळी कोणती गाडी घ्यावी, हा प्रश्न वाचक आम्हाला वारंवार विचारतात. या आठवड्यात त्याचाच विचार करू.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मावळात मोटारसायकल ही आता चैन राहिलेली नाही. पुण्याहून लोणावळ्याला जाणारी लोकल देहूरोड, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली अशी थांबत जाते; आपल्या वस्त्या मात्र रुळापासून आत, डोंगराकडे असतात. आंदर मावळात टाकवे-वडेश्वरकडे, नाणे मावळात गोवित्री-करंजगावकडे, पवन मावळात पवनानगरकडे जायचे तर स्टेशनवर उतरल्यावर एसटीची नाही तर जीपची वाट पाहावी लागते. तिसऱ्या पाळीहून सुटणारा कामगार, पाड्यापाड्यावर फिरणारी आशा ताई, सकाळच्या कॉलेजला जाणारी मुलगी, रात्री तापाने फणफणलेले लेकरू. या सर्वांसाठी घरात एकच गाडी असते. म्हणजे ती एकट्या कर्त्या पुरुषाची गाडी नव्हे, घराची गाडी आहे. निवड करताना नेमका याचाच विसर पडतो.

गाडी पाहायला जातो कोण? घरातला तरुण मुलगा आणि त्याचे दोन मित्र. त्यांना भुरळ पडते ती बुलेटची, नाही तर मोठ्या पल्सरची. जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा लावून अशी गाडी पुढे निघाली की छाती फुगते, हे आम्हीही जाणतो. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या गावातून ताठ मानेने चालू दिले नाही, त्या समाजाच्या पोराला मोठ्या गाडीवर बसावेसे वाटले तर त्यात नवल नाही. त्याला हसण्याचे कारण नाही. परंतु वाहनाच्या बाबतीत मान आणि जीव यांचा हिशेब कसा घालावा, याचा धडा बाबासाहेबांच्याच आयुष्यात आहे.

१९२९ साली बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. तिथल्या आपल्या लोकांनी त्यांना रात्रभर राहण्याचा आग्रह केला. स्टेशनवरून वस्तीत न्यायचे तर टांगा हवा होता. पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. आपल्या पाहुण्याने पायी चालत यावे हे वस्तीतल्या लोकांना कमीपणाचे वाटले. म्हणून त्यांनी टांगा मिळवला आणि ज्याला तो हाकण्याची सवय नव्हती अशा आपल्यातल्याच माणसाच्या हाती लगाम दिला. वाटेत मोरीवर अपघात झाला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. टांगेवाल्यांच्या वागण्याची चीड तर त्यात आहेच. पण पाहुण्याचा मान राखण्याच्या भरात त्याच्या सुरक्षिततेचा विचार राहून गेला, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे नोंदवले आहे. आपल्याला न पेलणारे वाहन मानापोटी हाती घेऊ नये, हे आपण यातून शिकले पाहिजे.

आता वजनाकडे वळू. गाडीच्या आरसीवर तिचे रिकामे वजन किलोमध्ये छापलेले असते. सीसी आणि ॲव्हरेज सगळे विचारतात, हा आकडा मात्र फारच थोडे लोक वाचतात. स्प्लेंडर किंवा एचएफ डिलक्स या गाड्या पेट्रोल-ऑइलसह सुमारे ११० ते ११२ किलोच्या. बजाजची सीटी १०० आणि टीव्हीएस स्पोर्ट साधारण याच पंक्तीतल्या, प्लॅटिना किंचित जड. होंडाची शाईन १०० ही २०२३ साली आली, ती तर ९९ किलोचीच. पण ती अलीकडची असल्यामुळे जुन्या बाजारात अजून कमी आणि महाग मिळते. पल्सर १५० घेतली की आपण दीडशे किलोच्या आसपास जातो. बुलेट ३५० पावणेदोनशेच्याही पुढे. टीव्हीएसची एक्सएल मोपेड मात्र नव्वद किलोच्या आत असते, आणि भाजीची पाटी, दुधाचा कॅन, भाताचे पोते नेणाऱ्यांना ती अजूनही सोयीची आहे.

शंभर आणि दीडशे किलोंतला फरक गाडी पळत असताना कळत नाही. पळणारी गाडी आपला तोल आपणच सांभाळते. तो फरक कळतो गाडी थांबताना, वळवताना आणि पडल्यावर. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आतल्या रस्त्यांवर लाल चिखल असतो, उतारावर शेवाळ असते, खड्ड्यात किती पाणी आहे ते दिसत नाही. अशा ठिकाणी पाय टेकला आणि घसरला की हलकी गाडी सावरता येते. जड गाडी माणसाला घेऊन आडवी होते. वस्तीत गाडी ओट्यावर चढवायची, अरुंद बोळात उलटी फिरवायची, रात्री पंक्चर झाली तर ढकलत आणायची, ही कामे रोजची आहेत. बावन्न किलोच्या ताईने एकशे नव्वद किलोची गाडी चिखलातून उभी करावी, अशी अपेक्षा आपण कशी करणार? मग होते काय, की गाडी दारात उभी असते आणि ताई पाच किलोमीटर पायी जाते.

यासाठी आमची पहिली सूचना अशी की गाडी पाहायला जाताना घरातल्या, गाडी चालवणाऱ्या सर्वांत हलक्या माणसाला बरोबर न्यावे. बहुधा ती पत्नी, बहीण किंवा मुलगी असेल. तिने सीटवर बसावे आणि दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का ते पाहावे. नुसते चवडे टेकत असतील तर सीटचा फोम सीटवाल्याकडून थोडा कापून घेता येतो, हेही ध्यानात ठेवावे. मग तिने गाडी डबल स्टँडवर लावावी आणि उतरवावी. खाली उभे राहून हँडल धरून गाडी मागे ढकलावी, थोडी आपल्याकडे झुकवावी आणि परत सरळ करावी. किक मारून चालू करावी, कारण बॅटरी उतरली की सेल्फ कामाचा नाही. हे सर्व तिला कुणाच्या मदतीशिवाय जमले, तर ती गाडी त्या घराची. नाही जमले तर किंमत कितीही उतरली तरी ती सोडून द्यावी.

हलकी म्हणजे चांगलीच, असेही नव्हे. यामाहा आरएक्स १०० ही १९८५ ते १९९६ या काळात निघालेली गाडी वजनाने शंभर किलोच्या आसपास, आणि तरुणांचा तिच्यावर अजून जीव. पण ती टू-स्ट्रोक. पेट्रोल अधिक पिते, तिच्यात पेट्रोलबरोबर ऑइलही जळते, अस्सल सुटे भाग मिळणे कठीण आणि हौशी लोकांमुळे किंमत अवाच्या सवा. मर्यादित पैशांच्या घराने तिच्या वाटेला जाऊ नये. तसेच ज्या गाडीवर टाकीपाशी ‘हीरो होंडा’ असे जोडनाव आहे, ती २०११ च्या सुमारास दोन कंपन्या वेगळ्या झाल्या त्याच्या आसपासची किंवा आधीची समजावी. अशा गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपलेली किंवा संपत आलेली असते. पुढे पाच वर्षांसाठी फेरनोंदणी होते, पण त्यासाठी गाडी दाखवावी लागते, शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागतो. विकणारा स्वस्तात देतो त्याचे हेच कारण असू शकते.

हलक्या गाडीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रक शेजारून वेगाने गेला की शंभर सीसीची गाडी हवेने हेलकावते. तिथे रस्त्याच्या डाव्या बाजूने, बेताच्या वेगाने जावे. द्रुतगती महामार्गावर दुचाकीला बंदीच आहे. शंभर सीसीच्या गाडीने साधारण १३० किलोच्या आसपास ओझे वाहावे अशी तिची घडण असते, म्हणजे दोन मोठी माणसे बसली की संपले. त्यावर दोन मुले आणि गॅसची टाकी लादली तर ब्रेक लागणार कसा? ज्यांना रोज दोघांनी खंडाळ्याचा घाट चढायचा आहे, त्यांनी ११० ते १२५ सीसीची गाडी पाहावी. वजन फारसे वाढत नाही, चढाला दम मात्र राहतो. आणि उतारावर कोणतीही गाडी न्यूट्रल करून सोडू नये. खालच्या गिअरमध्ये उतरावे. ड्रम ब्रेक सतत दाबून तापला की पकड सोडतो.

आता प्रत्यक्ष गाडी तपासणे. विकणाऱ्याला आधी सांगून ठेवावे की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर इंजिनाला हात लावून पाहावा. इंजिन गरम असेल तर थंड गाडी चालू होताना त्रास देते, असे समजायला जागा आहे. फोर-स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरमधून निळसर धूर सतत येत राहिला तर इंजिन ऑइल जळते आहे. त्याचे काम महाग असते. ऑइलचे झाकण उघडून पाहावे. ऑइल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे, आणि मावळातल्या पुरात बुडालेल्या गाडीत हे हमखास आढळते. पावसाळी भागातली गाडी वरून चकचकीत असली तरी मडगार्डच्या आत, सायलेन्सरच्या बुडाशी आणि टाकीखालच्या चॅसिसला गंज चढलेला असतो. नवा रंग फासलेला दिसला तर तो का फासला, हे विचारावे.

गाडी डबल स्टँडवर लावून मागे उभे राहावे आणि दोन्ही चाके एका रेषेत आहेत का ते डोळ्याने पाहावे. पुढचे चाक उचलून हँडल हळू फिरवावे. मध्येच खटका बसला तर कोनसेट गेला. पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवर ऑइल ओघळले असेल तर सील गेले. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन बोटाने ओढून पाहावी. ती दात सोडून वर येत असेल तर चेन-स्प्रॉकेटचा संच बदलावा लागेल. टायरच्या बाजूवर चार आकड्यांची संख्या असते. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शिल्लक असली तरी जुना, कडक झालेला टायर ओल्या रस्त्यावर घसरतो. शेवटी मागे एका माणसाला बसवून कामशेतच्या घाटासारखा एखादा चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढून पाहावा. क्लच घसरतो की काय, ते तिथेच कळते. ओळखीचा मेकॅनिक बरोबर असावा; त्याला दोनशे-तीनशे रुपये आणि चहा द्यावा. त्याला दलाली मात्र विकणाऱ्याकडून मिळत नसावी, एवढे पाहावे.

मोबाईलवरच्या जाहिरातींबाबत एक इशारा. देहूरोडला लष्कराचे डेपो आहेत, लोणावळ्याला नौदलाचे आयएनएस शिवाजी आहे. त्यामुळे ‘मी जवान आहे, बदली झाली, गाडी निम्म्या किमतीत देतो, आधी थोडे पैसे पाठवा’ असे कुणी लिहिले की आपल्या लोकांना ते पटते. जवानाच्या नावाखाली चालणारी ही फसवणूक देशभर माहीत झालेली आहे. गाडी आणि माणूस समोर पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये.

कागदपत्रांचा भाग रुक्ष वाटतो, पण कुटुंबाचे भवितव्य इथेच अडकलेले असते. आरसीवरचा चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी स्वतः जुळवून पाहावा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर फायनान्सवाल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय व्यवहार पुरा करू नये. थकलेले चलान आधीच पाहून घ्यावे, विमा आणि पीयूसी पाहावी. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे की नाही, तेही पाहावे. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरून द्यावे लागतात. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत ही माहिती नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची असते. मावळची नोंदणी पिंपरी-चिंचवडच्या एमएच-१४ कार्यालयात होते.

‘करू पुढच्या महिन्यात, एजंट पैसे फार मागतो’ म्हणून कित्येक गाड्या वर्षानुवर्षे पहिल्या मालकाच्याच नावावर फिरतात. यात दोन्ही घरांचा घात आहे. नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. म्हणजे गाडी विकून मोकळा झालेला माणूस मोकळा झालेलाच नसतो. घेणाऱ्याचे नुकसान तर याहून मोठे. विम्यात मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. ते नोंदणीकृत मालकाला, त्याच्याकडे परवाना असेल तर मिळते. गाडी दुसऱ्याच्या नावावर असताना घरातला कर्ता माणूस घाटात गेला, तर त्याच्या विधवेने कोणत्या नात्याने हा पैसा मागायचा? काहीशे रुपयांच्या फीसाठी मुलांच्या तोंडचा घास जाऊ देऊ नये. आरसी नावावर झाली की लगेच विमाही नावावर करून घ्यावा.

पैशांची वाटणी कशी करावी, तेही सांगतो. हातात जे पैसे असतील त्याचे दहा भाग करावेत आणि गाडी सात भागांत बसवावी. चाळीस हजार असतील तर गाडी अठ्ठावीस हजारांची. उरलेल्या बारा हजारांत नाव बदलणे, विमा, दोन टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेकचे लायनर, ऑइल आणि आयएसआय छापाची दोन हेल्मेटे. हो, दोन! मागे बसणाऱ्या माणसालाही डोके असते आणि कायदाही तेच सांगतो. सगळे चाळीस हजार गाडीवरच उधळले तर पहिल्या पावसात गुळगुळीत टायरवर घाट उतरावा लागतो. सावकाराकडून व्याजाने पैसे काढून मोठी गाडी घेणे हे तर गळ्यात धोंडा बांधून घेणे होय. मागे साडी नेसून बसणाऱ्या भगिनींसाठी साडी-गार्ड आणि पाय ठेवायची पट्टी जागेवर आहे ना, हे पाहावे. पदर चाकात अडकून होणारे अपघात जीवघेणे असतात.

आमच्या भगिनींना एक विनंती. गाडी घरात येण्याआधीच शिकाऊ परवाना काढा. गिअरची गाडी पुरुषांचीच, हा समज तुमच्याहून जास्त तुमच्या भावांनी सोडायला हवा. आणि भावांना हेही सांगणे आहे की सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती किल्ली देऊ नका. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे.

गाडी घरी आणायला मुहूर्त पाहू नये, नारळ फोडू नये, हँडलला लिंबू-मिरची बांधू नये. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला ते शोभत नाही. त्या दिवशी ब्रेक, हवा आणि दिवे तपासावेत, एवढा विधी पुरे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या विहाराकडे दर वर्षी मावळातून अनेक कुटुंबे दुचाकीवरून येतात. या वर्षी पुढे भाऊ आणि मागे वहिनी बसून जाणाऱ्या घरांनी परतताना जागा बदलून पाहावी. वहिनींना गाडी पेलली, तर ती गाडी खरोखर घराची झाली असे समजावे.

जयभीम!